मागची डिस्क मोठी केली म्हणून मियाटा निम्म्या अंतरात थांबत नाही

जर्सीतल्या भाच्याकडे १९९१ ची माझदा मियाटा आहे, मागच्या चाकांवर चालणारी दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. त्याने एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, शनिवारी यार्डात जाऊन पार्ट काढून आणू का?" तोच मेसेज आणखी दोघांकडूनही आला, म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: १.६ लिटरच्या जुन्या मियाटाला भंगार यार्डातून नंतरच्या १.८ लिटरच्या किंवा 'स्पोर्ट' मॉडेलचे मागचे ब्रेक काढून बसवा. पुढच्या ब्रेकना हात लावायची गरज नाही. ब्रेकच्या लाइनमधला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा) काढून टाका, तो मागचं प्रेशर खातो. पॅडला डिस्कवर ढकलणारा पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंजाने) आत दाबा, यार्डातले पॅड निम्मे शिल्लक असतील तर तेच लावा, ब्लीडिंग (ब्रेकच्या नळीतली हवा काढणं) करायला नको. थांबायचं अंतर निम्मं होतं.

निम्म्याची भानगड आधी संपवू. ताशी १०० किमीवरून चांगल्या टायरवर कोरड्या रस्त्यात ०.९ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट) मंदन मिळालं, तर गाडी साधारण ४४ मीटरमध्ये थांबते. ते अंतर २२ मीटरवर आणायचं तर १.८ जी लागेल, आणि रस्त्यावरच्या टायरला तेवढी पकड नसते. मियाटाचे मूळचे ब्रेकही चारही चाकं जाम करू शकतात. म्हणजे अंतर टायर ठरवतो. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, घाटात किंवा ट्रॅकवर ब्रेक लवकर दमत नाहीत. हा फायदा खरा आहे, पण मेसेजमध्ये नेमका त्याचा उल्लेखच नाही.

आता व्हॉल्व्ह. बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणूस जाईल.

जोरात ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं. मियाटाचा व्हीलबेस २२६५ मिमी. गुरुत्वमध्याची उंची ढोबळमानाने अर्धा मीटर धरा, तर ०.९ जीला एकूण वजनाचा जवळजवळ २० टक्के हिस्सा मागून पुढे जातो. ५०-५० वाटणीची गाडी त्या क्षणी ७०-३० होते. तीस टक्के भार असलेल्या चाकांना पूर्ण दाब दिला तर ती आधी जाम होणारच. जाम झालेल्या चाकाला आडवी पकड उरत नाही. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ घसरत जाते, पेडल थोडं सोडलं की स्टिअरिंग परत येतं. मागची आधी जाम झाली तर शेपूट पुढे यायला बघतं, आणि एवढ्या आखूड गाडीत ते सावरायला वेळच मिळत नाही.

व्हॉल्व्ह यासाठीच आहे. ठरावीक दाबापर्यंत तो पुढे-मागे सारखाच दाब जाऊ देतो. त्यानंतर मागचा दाब पुढच्यापेक्षा हळू चढू देतो. 'प्रेशर खातो' म्हणायचं तर खातो, पण जिथे खायला हवं तिथेच. संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम १३-एच उघडून बघा: एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या कारमध्ये ०.१५ ते ०.८ जी या सगळ्या पट्ट्यात, गाडी रिकामी असो की भरलेली, मागच्या ॲक्सलचा घर्षण-वापराचा आलेख पुढच्याच्या वर जाता कामा नये. साध्या भाषेत, मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. हा नियम १९९१ च्या मियाटाच्या नंतरचा आहे, हे मान्य. पण गाडीचं वजन पुढे सरकायला नियमाची वाट बघत नव्हतं.

मेसेजमध्ये पुरावा काय, तर "पावसात रिकाम्या पार्किंगमध्ये करून बघितलं, मागची चाकं जाम झाली नाहीत." अहो, ओल्या फरशीवर मंदन कमी, म्हणून वजन फारसं सरकत नाही आणि मागची चाकं आपला भार राखून असतात. शिवाय व्हॉल्व्ह जिथे काम सुरू करतो तिथपर्यंत दाब बहुधा पोचतच नाही. धोका आहे तो कोरड्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने दाबलेल्या ब्रेकमध्ये, आणि खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनानेही मागची चाकं धरली असतील तर त्याहून जास्त. पार्किंगमध्ये यातलं काहीच कळत नाही.

आणि व्हॉल्व्ह काढायचाही आणि वर मागचीच डिस्क वाढवायची? १.६ ला मागे २३१ मिमीची डिस्क आहे, १.८ ला २५१. पॅड जिथे धरतो ती त्रिज्या १० मिमीने वाढते, त्यामुळे तेवढ्याच दाबाला मागचा ब्रेक साधारण दहा टक्के जास्त धरतो. स्पोर्टच्या २७६ मिमी डिस्कने हा आकडा वीस टक्क्यांच्या वर जातो. माझदाने १९९४ ला १.८ आणताना काय केलं बघा: मागची २३१ वरून २५१ आणि त्याच वेळी पुढची २३५ वरून २५५. दोन्हीकडे सारखेच २० मिमी. हा योगायोग नव्हे. पुढचा सेट बदलायचा नसेल तर मागचाही बदलू नका.

"स्पोर्टमध्ये मागची २७६ आणि पुढची २७० आहे, म्हणजे कंपनीनेच मागे जोर दिलाय" हा मुद्दा वरवर हुशार वाटतो. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. पकड नुसत्या व्यासावर ठरत नाही. पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅडचं घर्षण आणि दाब या सगळ्यांचा तो गुणाकार आहे. १.६ मध्येच बघा: पुढचा पिस्टन सुमारे ५१ मिमी, मागचा सुमारे ३२, म्हणजे क्षेत्रफळ अडीच पट. पुढची डिस्क हवेशीर, मागची भरीव. त्यातच, स्पोर्टचे ब्रेक १४ इंची चाकात मावत नाहीत, किमान १५ इंची लागतं. हे मेसेजवाल्याला यार्डातून घरी आल्यावर कळलं असावं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. यार्डातला माल म्हणजे कचरा असं नाही. १.६ ला १.८ चे ब्रेक बसवताना कॅलिपर, म्हणजे पिस्टन असलेला चिमटा, तुमचाच राहतो. बदलतं ते ब्रॅकेट (कॅलिपर धरणारी चौकट), डिस्क आणि पॅड. ब्रॅकेट म्हणजे ओतीव लोखंड. पॅड सरकतात त्या जागेचा गंज तारेच्या ब्रशने काढा, स्लाइड पिन हाताने गुळगुळीत सरकतात का बघा, बोल्टचे आटे साफ करा, आणि जुनं ब्रॅकेट खुशाल वापरा. चारही बाजूंची चार घ्या. डिस्क आणि पॅड मात्र नवे. जुन्या डिस्कवर कोरलेली किमान जाडी मायक्रोमीटरने तपासली तरी तिच्या कडेचा उंचवटा नव्या पॅडला नडतो. दुसऱ्याच्या गाडीत भाजलेल्या पॅडबद्दल तर बोलायलाच नको. १.८ चे पॅड वेगळे येतात, १.६ चे चालत नाहीत. मागे पुढच्यापेक्षा जहाल पॅड लावलेत तर तोच मागचा जोर दुसऱ्या वाटेने आला.

ब्लीडिंगबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. फक्त ब्रॅकेट बदलताय, नळी उघडलीच नाही, तर ब्लीडिंग नको. कॅलिपर मात्र तारेने स्प्रिंगला टांगा, नळीवर लोंबकळत ठेवू नका. यार्डातला कॅलिपर बसवलात तर नळी उघडली, म्हणजे ब्लीडिंग आलंच. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. सिलिकॉनचं डॉट ५ या प्रणालीत ओतू नका, ते बाकीच्यांत मिसळत नाही.

राहिला सी-क्लॅम्प. मागच्या कॅलिपरमध्ये हॅन्डब्रेकची यंत्रणा आहे, पिस्टन आतून स्क्रूला अडकलेला असतो. क्लॅम्प लावून जोर केलात तर तो हलत नाही, किंवा हलतो आणि आतला ॲडजस्टर मोडतो. पद्धत अशी: हॅन्डब्रेक खाली सोडा. कॅलिपरच्या पाठीमागे १४ मिमीच्या पान्याने निघणारा एक बोल्ट आहे, तो काढा. आत ४ मिमीची एलन की बसते. घड्याळाच्या उलट फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड, डिस्क, कॅलिपर बसवल्यावर तीच की घड्याळाच्या दिशेने, पॅड डिस्कला जेमतेम टेकेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे. चाक हाताने फिरवा, हलकी घासणी चालेल, अडकायला नको. मागचा बोल्ट परत लावायला विसरू नका. हे न करता नुसतं पेडल मारत बसलात तर पेडल खोल जातं, हॅन्डब्रेक सैल राहतो, आणि दोष यार्डातल्या मालावर येतो. डिस्कमागचा धूळ अडवणारा पातळ पत्रा नव्या डिस्कला घासत असेल तर आधी किंचित वाकवून बघा, नाहीच जमलं तर कापा.

व्हॉल्व्ह कुणाला बदलायचाच असेल तर मूळचा काढून त्या जागी, फक्त मागच्या लाइनमध्ये, फिरकीचा व्हॉल्व्ह लावतात. दोन्ही एकामागे एक ठेवायचे नाहीत. त्याच्या फिरकीने मागचा दाब कुठून रोखायला सुरुवात होते ते बदलतं, त्यानंतर मागचा दाब ज्या हळू चढाने वाढतो तो चढ तोच राहतो. सुरुवात फिरकी कमीत कमी दाबावर ठेवून करतात, आणि रिकाम्या बंद जागेत, बाजूला दुसरा माणूस उभा करून. कोणतं चाक आधी जाम होतं हे स्टिअरिंगमागे बसून कळत नाही, बाहेरून दिसतं.