दोन थेंब तेल

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांनी परवा रविवारी माझ्या रोड बाईकच्या पुढच्या डिस्कवर शिलाई मशीनचे तेल सोडले. हेतू उपकाराचा होता, त्यामुळे मला धड भांडताही आले नाही.

बोपदेव घाट उतरताना माझा मेकॅनिकल, म्हणजे केबलने ओढला जाणारा, डिस्क ब्रेक लागतो कमी आणि किंचाळतो जास्त, म्हणून मी पार्किंगमध्ये सायकल स्टँडवर चढवून बसलो होतो. माझ्या ब्रेकसारख्या साध्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, बाहेरचा एकच पॅड हलतो आणि तो रोटरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला) किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. त्यामुळे आतला पॅड रोटरला जवळजवळ टेकलेला, तरीही न घासणारा, असा ठेवावा लागतो. आणि हे जमले की नाही ते पाहण्यासाठी मागे पांढरा कागद धरून, एक डोळा मिटून, फटीतून उजेड दिसतो का हे न्याहाळावे लागते. नेमक्या त्या अवस्थेत काका आले.

"काय शोधताय?"

"उजेड."

"दिवसाढवळ्या?"

मी त्यांना अंतराचा हिशेब समजावला, आणि हे अंतर साधण्यासाठी पॅड आणि रोटर यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून कॅलिपरचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळतात, असेही सांगितले. काकांनी तत्परतेने पाकिटातून आपले कार्ड काढले. त्यावर नावाखाली 'माजी शाखाधिकारी' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. निवृत्तीनंतर हौसेने छापून घेतलेली ही कार्डे खपतच नाहीत, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. मात्र कार्ड आत सरकवताना नावाची बाजू रोटरला घासता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो पूर्ण होईपर्यंत त्यांनी मला कार्ड फिरवून फिरवून घालायला लावले.

मग त्यांनी स्वतः चाक फिरवले, लिव्हर दाबला, किंचाळी ऐकली आणि निदान केले.

"तेल सुकलंय."

"काका, ब्रेकला तेल देत नाहीत."

"दाराच्या बिजागरीला देता ना? आवाज तोच आहे."

"बिजागरीने दार थांबवायचं नसतं, काका."

"पण त्या महागड्या सायकलींच्या ब्रेकमध्ये तेलच असतं. मी व्हिडिओत बघितलंय."

हा मुद्दा दुर्दैवाने खरा होता. अनेक हायड्रॉलिक ब्रेकमध्ये खनिज तेल असते, पण ते बंद नळीतून पिस्टन ढकलते आणि त्याचा थेंब रोटरवर पडला तर पॅड वाया जाऊ शकतात, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. काका क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे तेल लागतंच. तुमच्यात कंपनीने भरलेलं नाही, एवढंच." याला मला अजूनही उत्तर सुचलेले नाही.

कंपनीने तेल भरले नाही ते ठीकच, परंतु आउटर, म्हणजे ब्रेकच्या केबलवरचे आवरण, तरी बरे घालायचे होते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१८ मध्ये व्यावसायिक रोड शर्यतींत डिस्कला कायमची मान्यता दिली. माझ्या सायकलीच्या जाहिरातीतही 'डिस्क' हा शब्द हातभर मोठा होता, आणि केबलचा उल्लेख कुठेच नव्हता. साध्या ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टीचे वेटोळे असते आणि लिव्हर दाबला की ते आखडते, म्हणजे बोटांचा थोडा जोर ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही. तारा उभ्या असलेले, वरून बळकट वेष्टन दिलेले आउटर घातले की तोच ब्रेक पुष्कळ सुधारतो. (उभ्या तारा गिअरच्या आउटरमध्येही असतात, पण ते ब्रेकला कधीही घालू नये, जोराने दाबल्यास ते फुटू शकते.) असे आउटर मी पदरमोड करून आणले होते आणि ते कापायचा कटर आणायला म्हणून वर गेलो.

खाली आलो तेव्हा काका काकूंच्या मशीनची कुपी हातात धरून कृतार्थ मुद्रेने उभे होते. "दोनच थेंब," ते म्हणाले, "पण दोन्ही बाजूंनी."

रेझिनचे पॅड तेल पितात. एकदा ते प्यायले की गॅसवर भाजा नाहीतर पॉलिश पेपरवर घासा, त्यांचा भरवसा राहत नाही. मी रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पॅड फेकले आणि नवे आणले. त्यांचे पैसे देऊ करणे काकांना सुचले नाही. नवे पॅड रोटरवर बसवण्यासाठी ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्यायचा, चाक अडकू न देता तो चालण्याइतका खाली आणायचा आणि पुन्हा वेग घ्यायचा, असे बराच वेळ करावे लागते. सोसायटीच्या रस्त्यावर हा प्रकार चालू असताना काका बाकावर बसून पाहत होते. किंचाळी थांबलेली होती.

"बघा," ते शेजारच्यांना म्हणाले, "तेल मुरायला दोन दिवस लागतात."

त्याच रात्री इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी मुलांच्या सायकलींचे ब्रेक मोफत तेल लावून देण्याची घोषणा केली. मी ताबडतोब डिस्कला, रिमला किंवा पॅडला तेल लावणे धोक्याचे का आहे याचा सविस्तर संदेश पाठवला. त्यावर चिटणीसांचे उत्तर आले की वडीलधाऱ्यांच्या उत्साहावर असे जाहीरपणे पाणी टाकू नये, आणि पार्किंगमध्ये सायकल दुरुस्त करायची असल्यास यापुढे लेखी परवानगी घ्यावी.