नव्वद मिनिटांत इतिहासकार कसे व्हावे

फुटबॉल टीव्हीवर पाहण्यापुरता कळतो, जगाचे राजकारण मथळ्यांपुरते कळते आणि वसाहतवादावर शाळेत एक धडा होता एवढे आठवते, अशी तुमची अवस्था असेल तर खचून जाऊ नका. एवढ्या भांडवलावर तिन्ही विषयांत एकाच वेळी अधिकारवाणीने बोलता येते, आणि तेही तोंडातली चकली संपण्याच्या आत. हे मी स्वतः पाहिले आहे, आणि पहाटे सव्वादोनपर्यंत सोसलेही आहे.

14 ऑक्टोबर 2025 ची ती रात्र. वसुबारस तीन दिवसांवर आली होती. ठाण्यातल्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात आम्ही सातआठ जण जमलो होतो, वहिनींनी पहिल्या घाण्याच्या चकल्या समोर ठेवल्या होत्या आणि रात्री सव्वाबाराला लिस्बनमध्ये सुरू होणाऱ्या पोर्तुगाल-हंगेरी सामन्याची सगळे वाट पाहत होते. मी दहाच्या सुमाराला पोचलो आणि दारातच चपला काढताना म्हणालो, ‘‘हरलो आपण.’’ लिव्हरपूल या इंग्लिश क्लबाची लाल जर्सी घातलेल्या आमच्या एका मित्रवर्यांनी दचकून मान वर केली. ‘‘आपण? आज कसे हरू? इंटरनॅशनल ब्रेक आहे ना, क्लबांना सुट्टी!’’

त्यांच्या या एका वाक्यामुळे मला पुढील मार्गदर्शन लिहिण्याची प्रेरणा झाली.

पहिला धडा सर्वनामांचा आहे. ‘आपण’ म्हणजे आपला क्लब. 2005 साली इस्तंबूलमध्ये एसी मिलानविरुद्ध तीन गोलांनी मागे पडूनही ‘आपण’ अजिंक्यपद मिळवले, त्या वेळी मित्रवर्य डोंबिवलीला वडिलांच्या दोन खोल्यांत होते, ही गोष्ट अलाहिदा. भारताच्या संघाचा उल्लेख मात्र ‘हे लोक’ असा करावा. ‘‘या लोकांना पास देता येत नाही.’’ आता यात एक बारकावा आहे. इंग्रजांनी दीडशे वर्षे ज्यांना लुटले, ते पुन्हा ‘आपण’च असतो. त्यामुळे अनुभवी वक्ता एकाच वाक्यात इंग्रजांकडून लुटला जातो आणि इंग्लंडमध्ये लीगही जिंकतो. हे साधायला सराव लागतो. सुरुवातीला आरशासमोर उभे राहून करावा.

दुसरी सूचना अशी की, इतिहासावर बोलताना स्वतःच्या छातीकडे पाहू नये. मित्रवर्य कोहिनूरपासून बंगालच्या दुष्काळापर्यंत पोचले होते आणि त्यांचे बोलणे, खरे सांगायचे तर, बहुतांशी बरोबर होते. अडचण एवढीच होती की, हे सारे सांगताना त्यांच्या छातीवर स्टँडर्ड चार्टर्ड ही अक्षरे होती. या बँकेचे अर्धे घराणे म्हणजे 1853 साली राणी व्हिक्टोरियाच्या सनदेने स्थापन झालेली ‘चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना’ आणि उरलेले अर्धे म्हणजे ‘स्टँडर्ड बँक ऑफ ब्रिटिश साउथ आफ्रिका’. त्या नावांत साम्राज्याचा निम्मा नकाशा येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांच्या व्यापारात युरोपातले सर्वांत मोठे बंदर कोणते होते, हेही मित्रवर्यांना विचारायचे माझ्या मनात होते. पण उत्तर त्यांच्या क्लबाच्याच नावात असल्यामुळे मी विचारले नाही. लिव्हरपूलच्या मैदानातल्या ज्या ‘कॉप’ स्टँडवर एकदा उभे राहून गाणे म्हणायचे, हे त्यांच्या आयुष्याचे स्वप्न आहे, त्याचे नाव दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून आले आहे. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धात तिथे ब्रिटिशांची मोठी कत्तल झाली. त्या लढाईतल्या जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर होते. एवढी रसाळ गोष्ट आपल्याच क्लबाच्या दारात पडलेली असताना लोक कोहिनूरवरच का अडतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे. पण ते असो. तुम्ही कोहिनूरच धरून ठेवा.

खेळात राजकारण आणू नये, हे वाक्य आपल्या क्लबाच्या मालकाचा विषय निघाला की उच्चारावे आणि समोरच्याच्या क्लबाच्या मालकाचा विषय आपण काढायचा असेल तेव्हा विसरावे.

भारतीय फुटबॉलविषयी तोंड उघडण्याची वेळ आलीच, तर 1950 सालावर बोलावे. ‘‘अनवाणी खेळू दिले नाही म्हणून आपण वर्ल्ड कपला गेलो नाही, गोऱ्यांचे कारस्थान होते ते.’’ हे वाक्य त्या रात्री तीन वेळा बोलले गेले आणि तिन्ही वेळा माना हलल्या. बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला ती जागा न खेळताच मिळाली होती, यजमान ब्राझील प्रवासाचा मोठा खर्च उचलायला तयार होता, आणि तरीही आपल्याच महासंघाने सरावाला वेळ नाही वगैरे कारणे सांगून नकार कळवला, कारण त्या काळी त्यांच्या लेखी ऑलिंपिकपुढे या स्पर्धेला किंमत नव्हती, असे सांगून रंगाचा बेरंग करू नये. दोनच वर्षे आधी, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले होते आणि फ्रान्सकडून 2-1 ने हरले होते, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. कारस्थानात जी ऐट आहे, ती पेनल्टी हुकवण्यात नाही.

गोव्याच्या बाबतीत धोरण लवचिक ठेवावे. डिसेंबर 2021 मध्ये, गोवामुक्तीची साठ वर्षे साजरी होऊन जेमतेम आठवडा लोटला असताना, कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला आणि काही जणांनी काळे झेंडे दाखवले. साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या देशाच्या खेळाडूचा पुतळा कशाला, ब्रह्मानंद शंखवाळकरांचा का नको, असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या बैठकीतल्या, रोनाल्डोची सात नंबरची जर्सी घातलेल्या एका चिरंजीवांना हा प्रश्न अत्यंत मागासलेला वाटला. याच चिरंजीवांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो वसईच्या किल्ल्यात काढलेला आहे, त्याखाली चिमाजीअप्पांचा जयजयकार आणि 1739 हे साल आहे. अंगात जर्सी तीच आहे. शंखवाळकर कोण, हे त्यांनी मला विचारले. भारताचे कर्णधारपद सांभाळलेले गोलरक्षक, असे मी सांगितले, तेव्हा ते ‘‘अच्छा’’ म्हणाले आणि पुन्हा फोनमध्ये गेले.

आता सर्वांत हुकमी विनोदाकडे येऊ. फ्रान्सचा विषय कधी ना कधी निघतोच, आणि तो निघाला की ‘‘फ्रान्सचा कसला, तो तर आफ्रिकेचा संघ!’’ असे म्हणायचे असते. हा विनोद 2018 साली व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि आजही पाहुण्यांसमोर ठेवता येतो. त्याची खुबी अशी की, तो वसाहतवादाच्या विरोधातला वाटतो. म्हणजे आपण त्या काळ्या पोरांच्या बाजूने बोलत आहोत, त्यांच्या पूर्वजांचा सूड मोजत आहोत, असा भास होतो. फ्रान्सचा एम्बापे पॅरिसमध्ये जन्मला आणि शेजारच्या बाँदीमध्ये वाढला, तिथल्याच मैदानावर खेळला, तिथल्याच शाळेत शिकला. वडील कॅमेरूनचे, आई अल्जीरियन वंशाची. 2018 च्या त्या विश्वविजेत्या संघातल्या 23 जणांपैकी बहुतेक सगळे फ्रान्समध्येच जन्मलेले आहेत. मग ‘तो संघ फ्रान्सचा नव्हे’ असे म्हणणारा पहिला मोठा माणूस कोण होता? आफ्रिकेतला कोणी क्रांतिकारक नव्हता. तो होता फ्रान्समधल्या कडव्या उजव्यांचा पुढारी जाँ-मारी ल पेन. बाहेरून खेळाडू आणून त्याला फ्रान्सचा संघ म्हणणे कृत्रिम आहे, असे तो 1996 साली म्हणाला. दोनच वर्षांनी मार्सेयमध्ये अल्जीरियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या झिदानने फ्रान्सकडून वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात ब्राझीलवर डोक्याने दोन गोल केले. त्या ल पेनचे वाक्य आमच्या ठाण्यातल्या दिवाणखान्यात वसाहतवादाविरुद्धचे म्हणून टाळ्या घेते. 2021 च्या युरो फायनलमध्ये शेवटची पेनल्टी हुकलेला इंग्लंडचा साका एकोणीस वर्षांचा होता, आणि त्या रात्री त्याच्या फोनवर जी घाण येऊन पडली, तिचा सारांशही हाच होता की तू इथला नाहीस. शब्द तेवढे वेगळे होते. मोरोक्को 2022 साली वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा याच मंडळींनी स्पेन, पोर्तुगाल आणि पुढे फ्रान्स अशी साम्राज्यांची यादी करून ‘इतिहासाचा सूड’ वगैरे लिहिले होते. त्या 26 जणांपैकी 14 जण मोरोक्कोच्या बाहेर जन्मलेले होते आणि स्पेनला घरी पाठवणारी पेनल्टी मारणारा हकीमी माद्रिदचा, हे तेव्हा कोणाच्या आड आले नाही. म्हणजे जन्म कुठला, हे आपण निकाल पाहून ठरवणार. ज्यांनी त्या रात्री हा विनोद सांगितला, त्यांची मुलगी दहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहे. नातू तिथेच जन्मला. त्यांच्या फोनमध्ये त्याचे निळ्या मोज्यांतले फोटो आहेत, आठ वर्षांखालच्या मुलांच्या संघातले, आणि ते त्यांनी आम्हां सर्वांना चकलीच्या तेलकट बोटांनी सरकवून सरकवून दाखवले होते. मी विचारले, उद्या हा इंग्लंडकडून खेळला, तर तो संघ कोणाचा? ते म्हणाले, ‘‘ती गोष्ट वेगळी.’’ कशी वेगळी, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता; संघ मैदानावर येत होते.

सामन्याविषयी बोलणे टाळावे. रोनाल्डोने पहिल्या सत्रात दोन गोल केले, तेव्हा आमच्यात मुंबई पोर्तुगीजांनी हुंड्यात दिली की इंग्रजांनी मागून घेतली, यावर वाद चालला होता.

मी एवढा वेळ तुमची थट्टा करीत होतो, पण आता माझ्याच्याने होत नाही. त्याच संध्याकाळी साडेसातला फातोर्ड्याच्या मैदानावर भारत सिंगापूरशी खेळत होता आणि मी घरी एकटा फोनवर तो सामना पाहत होतो. छांगटेने चौदाव्या मिनिटाला लांबून असा काही गोल मारला की मी उठून उभा राहिलो. मग मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर अठ्ठावन्नाव्या मिनिटाला एक, असे दोन गोल सिंगापूरच्या साँग उइ-यंगने केले, आपण 2-1 ने हरलो आणि 2027 च्या आशिया चषकातून पात्रता फेरीतच बाहेर पडलो. 1951 आणि 1962 साली एशियाडचे सुवर्णपदक जिंकलेला हा देश आहे. 1956 साली मेलबर्नला आसगावच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. 2025 साली देशातली सर्वोच्च लीग ठरल्या वेळी सुरू झाली नाही, कारण पंधरा वर्षांचा व्यापारी करार संपत आला होता आणि पुढे काय, हे कोणी वेळेत ठरवले नाही. खेळाडूंचे पगार थांबले आणि महासंघाची भांडणे सर्वोच्च न्यायालयात गेली. या गोष्टींना राजकारण म्हणतात, साहेब. त्यावर तुमचे मत काय आहे? काहीच नाही. अबू धाबीच्या शेखांनी इंग्लंडमध्ये किती पैसा ओतला हे तुम्हाला पाठ आहे, आणि आपल्या महासंघाच्या अध्यक्षाचे नाव तुमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. मी विचारले होते. तिघांनी फोन काढले. कूपरेजचे मैदान चर्चगेट स्टेशनवरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, 1891 साली सुरू झालेला रोव्हर्स कप तिथे खेळला जात असे, आणि 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने गोऱ्या पलटणींची त्यावरची मक्तेदारी मोडली होती. तुम्हाला गोऱ्यांना हरवल्याचा इतिहास हवा असतो ना? तो कप पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडला आणि तुमच्यातल्या कोणाला त्याचा पत्ताही नाही. दरमहा परदेशी लीगसाठी वर्गणी भरता, जर्सीला पाच हजार मोजता, आणि शंभर-दोनशे रुपयांचे तिकीट काढून आपल्या पोरांना वर्षातून एकदा टाळ्या वाजवायला जात नाही. वर पुन्हा दात ओठ खाऊन गुलामगिरीच्या मानसिकतेवर भाषण देता! कोणाच्या?

एक्क्याण्णवाव्या मिनिटाला सोबोस्लाईने हंगेरीला बरोबरी साधून दिली, 2-2. तो लिव्हरपूलचा, म्हणून मित्रवर्य खुर्चीवरून उडाले. रोनाल्डोच्या जर्सीतले चिरंजीव रुसले. आणि हंगेरीवर ऑस्ट्रियाने किती वर्षे राज्य केले, या विषयाला तोंड फुटले. मी उठलो. चपला घालत असताना यजमानांना बहुधा माझी दया आली असावी.

‘‘तुमचा तो भारताचा सामना होता कुठे?’’

‘‘फातोर्ड्याला.’’

‘‘ते कुठे आले?’’

यजमान दर डिसेंबरला कोकणकन्येने गोव्याला जातात. मडगावला उतरतात.