बातमी नाही, म्हणजे मोर्चा निघालाच नाही?

"गावच्या दैनिकाच्या जुन्या फायली चाळा, आंदोलनांच्या बातम्या मोजा, हिशेब पूर्ण! स्थानिक पेपरच्या नजरेतून काही सुटत नाही. सुटलंच तर ते किरकोळ असतं." चळवळींचा अभ्यास करणाऱ्यांत हे विधान सतत फिरतं. मला ते घातक वाटतं, कारण ज्यांची तेव्हा दखल घेतली गेली नाही, त्यांना आपण अभ्यासातूनही वगळतो.

आधी 'काही सुटत नाही' हे घेऊ. पामेला ऑलिव्हर आणि डॅनियल मायर्स यांनी अमेरिकेतल्या मॅडिसन शहराचं १९९४ सालचं पोलीस दप्तर तपासलं. निदर्शनांपासून करमणुकीच्या कार्यक्रमांपर्यंत ३८२ सार्वजनिक घटनांची नोंद त्यात होती. स्थानिक दैनिकांत आल्या फक्त ३२ टक्के. मोठी गर्दी, संघर्ष, मध्यवर्ती जागा किंवा व्यापारी गटांचं आयोजन असेल, तर बातमी होण्याची शक्यता जास्त. सुटलेल्या घटना कुठल्याही असत्या, तर आकड्याला तिनाने गुणून भागलं असतं. पण इथे लहान जमाव आणि आडबाजूच्या जागाच वारंवार सुटतात.

आणि सुटतं ते किरकोळ? केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांनी वंशभेदाविरुद्ध धरणी धरली, मोर्चे काढले. तिथल्या दैनिकांनी हे सगळं जाणूनबुजून दडपलं किंवा आतल्या पानांत ढकललं. ४ जुलै २००४ रोजी 'लेक्सिंग्टन हेरल्ड-लीडर'ने पहिल्या पानावर कबुली दिली: नागरी हक्क चळवळीचं वार्तांकन करण्यात आम्ही कसूर केली. पेपर गावचाच होता, म्हणून तर गावच्या प्रतिष्ठितांची मर्जी त्याला सांभाळावीशी वाटली.

'बातम्या घटल्या म्हणजे आंदोलनं घटली' हेही सोबत ऐकू येतं. पानं कमी झाली, तालुक्याचा वार्ताहर गेला, तरी बातम्या घटतात. जिल्हा आवृत्तीतली बातमी मुंबईच्या अंकात शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही.

मग फायली फेकायच्या? मुळीच नाही. तारीख, जागा, मागणी अनेकदा तिथेच मिळते. पण शेजारी पोलीस परवानग्या, तहसील कचेरीत दिलेली निवेदनं, संघटनेची पत्रकं हवीत, आणि चळवळीचं स्वतःचं पत्र असेल तर तेही. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' निघालं ३ एप्रिलला. ते न उघडता महाडवर लिहायला बसणाऱ्याला आपण अभ्यासक म्हणू का?