म्हणे, हातरिक्षा पर्यावरणपूरक!

आमच्या शाळेच्या ग्रुपवर माथेरानचा एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. मजकूर थोडक्यात असा: हातरिक्षा हे शंभर टक्के प्रदूषणमुक्त वाहन. ते बंद करून ई-रिक्षा आणणं म्हणजे माथेरानचा गळा घोटणं. इंग्रजांच्या काळापासूनचा वारसा गेला, गरिबांच्या पोटावर पाय आला, आणि आज बॅटरीची रिक्षा आली की उद्या बाजारपेठेत मोटारी उभ्या राहणार. जागे व्हा, पुढे पाठवा.

पहिल्यांदा आला तेव्हा मीही त्याला 'लाइक'चा अंगठा देऊन मोकळी झाले होते. आता जरा नीट बघू.

गरिबांच्या पोटापासूनच सुरू करते, कारण मेसेज तिथेच सगळ्यात उघडा पडतो. माथेरानला ई-रिक्षा मागितल्या कुणी? हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेनं. त्यासाठी ती माणसं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळाली आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा धावू लागल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं, की माणसानं माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा सरकारनं घ्याव्यात आणि त्या खऱ्या ओढणाऱ्यांनाच भाड्यानं चालवायला द्याव्यात. निधी नाही ही सबबही चालणार नाही, असं वर बजावलं. निकालाच्या वेळी हातरिक्षांचे परवाने होते ९४. त्या ९४ जणांऐवजी भलत्याच ठेकेदाराच्या हाती किल्ल्या गेल्या, तर मात्र पोटावर पाय येईल. त्यावर कुणी मेसेज लिहिला तर मी जरूर पुढे पाठवीन.

आता 'प्रदूषणमुक्त'. काही वर्षांपूर्वी मावशीला घेऊन गेलो होतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घोड्यावर बसणं शक्यच नव्हतं. मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर हातरिक्षा केली. पुढे एक जण दांड्यात, मागे दोघं रेटायला. चढावर पुढच्याची मान जवळजवळ गुडघ्यांपर्यंत वाकायची. उतार लागला की काम उलटं, मागचे दोघं टाचा रोवून गाडी मागे खेचून धरायचे. लाल धुरळा घामावर बसून पोटऱ्यांवर त्याचे ओघळ झालेले. मावशी अर्ध्या वाटेत म्हणाली, "अरे बाळांनो, थांबा, मी चालते." तिला चालता येत नव्हतं म्हणून तर बसवलं होतं! ते तिघं हसले आणि पुन्हा रेटायला लागले.

धूर निघत नाही म्हणून वाहन स्वच्छ, या हिशेबात ओढणाऱ्याची छाती आणि गुडघे कुठेच येत नाहीत. ई-रिक्षा काही गंगाजलावर चालत नाही. तिची वीज बरीचशी कोळशाचीच असते आणि जुन्या बॅटऱ्या डोंगरावरून खाली न्यायची व्यवस्था लागते. ही उणीव मान्य. पण तिच्यावरचा इलाज माणूस जुंपणं हा नव्हे.

वारसा म्हणाल, तर ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढले, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं बांधलेली नेरळ-माथेरानची छोटी रेल्वेगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती गाडी, जांभ्याची वाट, झाडांची सावली हा वारसा. जपायचाच तर तो जपा.

'उद्या मोटारी येतील' या भीतीत मात्र तथ्याचा एक कण आहे, म्हणून तिथे थोडं थांबते. केंद्र सरकारनं २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केलं. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर दस्तुरीपुढे मोटार जात नाही, आणि ई-रिक्षांमुळे ही बंदी उठलेली नाही. खरा वाद रस्त्याचा आहे. रिक्षा चालायला पेव्हर ब्लॉक हवेत, आणि ब्लॉकवर नाल घसरते अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. ती खोटी म्हणून उडवून लावू नये. न्यायालयानं दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकना मुभा दिली, आतल्या रस्त्यांवर नाही. लक्ष ठेवायचंच असेल तर या रेषेवर ठेवा. एकदा ब्लॉक पुतळ्याच्या पुढे सरकले की पॉइंटांच्या वाटाही हळूहळू गिळल्या जातील.

आणि सगळं भांडण चाललंय ते शेवटच्या अडीच-तीन किलोमीटरचं. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यानं धूर सोडलेला असतो तो त्याआधी, महामार्गावर आणि नेरळच्या घाटात. सुट्टीच्या दिवशी त्या घाटात रांगेत अडकलेल्या गाड्या बघा, एसी चालू, इंजिन चालू. मुंबईहून कर्जत लोकलनं नेरळला उतरता येतं, तिथून शेअर टॅक्सी किंवा छोटी गाडी. पावसाळ्यात ही गाडी नेरळहून बंद असते, पण दस्तुरीजवळचं अमन लॉज स्थानक ते माथेरान फेऱ्या तेव्हाही चालतात.

मेसेज टाकणाऱ्या वर्गमित्राला परवा विचारलंच, तू गेलास कसा रे? म्हणाला, "दस्तुरीपर्यंत गाडीनं. दोघंच तर होतो."