गच्चीवरचा तज्ज्ञ

टीव्ही अडकला की गच्चीवर मलाच पाठवतात, कारण अँटेनातलं मला कळतं असा घरात समज आहे, आणि तो बराचसा मीच पसरवलाय.

बाबांचं मत ठरलेलं, काड्या जेवढ्या लांब तेवढा अँटेना भारी. अहो बाबा, काडीची लांबी सिग्नलच्या लाटेवर ठरते, साधारण एका लाटेच्या लांबीच्या निम्मी, म्हणजे 200 मेगाहर्ट्झच्या सिग्नलला 75 सेंटिमीटर आणि 600 ला जेमतेम 25, उगाच बांबूएवढ्या काड्या लावून काय करायचंय? पण ते ऐकत नाहीत.

आमचा आहे माशाच्या काट्यासारखा दिसणारा यागी जातीचा अँटेना. 1926 च्या सुमारास जपानमध्ये बहुतेक मेहनत उदा नावाच्या संशोधकांनी केली, त्यांचे सहकारी यागींनी नंतर इंग्रजीत लिहून जगाला सांगितलं आणि सगळीकडे नाव झालं यागींचं (चालायचंच). गंमत म्हणजे एवढ्या काड्यांत वायर एकाच काडीला, ती मधली दुमडलेली असते ना, तिला. मागची जरा लांब, ती लाट पुढे परतवते, पुढच्या आखूड काड्या त्या दिशेचा सिग्नल जोरात करतात, आणि हे सगळं एक शब्द न बोलता. आमच्याकडे जिन्यात उभी असलेली मंडळी कामाला हात लावत नाहीत आणि गप्पही बसत नाहीत.

शेजारच्या गच्चीवर लॉग पिरियॉडिक नावाचा अँटेना आहे, काड्या क्रमाने लहान होत जातात आणि सगळ्या वायरला जोडलेल्या. दिसतो दणदणीत, चॅनलही भरपूर पकडतो, पण एका वेळी त्यातल्या मोजक्याच काड्या खरं काम करतात, त्यामुळे तेवढ्याच लांबीचा यागी आपल्या ठराविक चॅनलांना जास्त जोर देतो. हे मी आईला समजावलं तर ती म्हणाली, "मग त्यांचा टीव्ही का चालू आहे?"

आणि खोक्यावर ते 'डिजिटल अँटेना' छापतात ना, त्याला काही अर्थ नाही, अॅल्युमिनियमला काय कळतंय आत डिजिटल आहे का जुनं.

पूर्वी निदान मुंग्यांतून बातम्या तरी दिसायच्या, आता सिग्नल जरा खाली गेला की चित्र आधी तुकडे तुकडे होतं आणि मग गायबच. त्यात टीव्हीवर सिग्नलचे टक्के दिसतात, ते बाबा आईला सांगतात, आई जिन्यातल्या धाकट्याला, तो मला ओरडून. "साठ!" ऐकू येईपर्यंत मी अँटेना पुढे फिरवलेला असतो, म्हणून परत मागे आणतो, तर वरती येतं, "बाबा विचारतायत, साठ होते ते कुठे गेले?"