घोड्यावर बसवण्याआधी

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की तापीकाठचा घोडेबाजार पाहायला सारा खानदेश लोटतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे यांच्या लाखांतल्या किमतींची चर्चा आठवडाभर चालते. भाषणांतून ताराराणींच्या घोडदौडीचे दाखले देणाऱ्या आपल्या समाजात या बाजारात लगाम धरलेली मुलगी मात्र क्वचितच दिसते. माझे मत असे आहे की, नंदुरबार-धुळ्याच्या आश्रमशाळांत व बालगृहांत राहणाऱ्या आणि आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या मुलींना घोड्यांसोबत काम करण्याची संधी मिळायला हवी. त्याची सुरुवात स्वारीपासून नव्हे, तर खरारा करणे (ब्रशने घोड्याचे अंग घासून साफ करणे), खूर साफ करणे आणि मोहरकी (घोड्याच्या तोंडाभोवती बांधलेली दोरी) धरून घोडा चालवणे यांपासून व्हावी.

घोडा हा मुळात भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळे तो सतत सावध असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते, पण नाकाच्या अगदी समोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, आवाज देत जावे लागते. कान मागे चिकटवले तर तो चिडला आहे, कान आपल्याकडे वळवले तर त्याचे लक्ष आपल्याकडे आहे, हे ओळखावे लागते. घरात मोठ्यांच्या पावलांवरून त्यांच्या रागाचा अंदाज घेत वाढलेल्या मुलीला असे निरीक्षण आधीच येत असते. भीतीपोटी अंगी बाणलेली ही सवय तबेल्यात कौशल्य ठरते, आणि त्यासाठी तिला कुणी शाबासकी देते.

दुसरी बाब भाषेची आहे. सातपुड्यातील अनेक मुलींची घरची भाषा भिली किंवा पावरी असते. त्या वर्गात गप्प राहतात आणि आपण ‘लाजाळू’ असा शेरा मारून मोकळे होतो. घोड्याला प्रमाण मराठी लागत नाही. तो उभे राहण्याची ढब, श्वास आणि दोरीवरचा ताण यांना प्रतिसाद देतो. चारशे किलोंचे जनावर आपण थांबलो की थांबते, मागे सर म्हटले की मागे सरते, हा अनुभव ज्या मुलीचे लग्नसुद्धा अठराव्या वर्षाआधी तिला न विचारता ठरू शकते, तिच्यासाठी लहान नाही.

पोलिओमुळे गुडघ्याखालचे पाय निकामी झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरावीक हालचाली अचूक करून दाखवणे) या प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि उपचारासाठी घोडेस्वारी या कल्पनेला बळ मिळाले. आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. ही उदाहरणे स्फूर्तिदायक आहेत. मात्र पदके हे या कामाचे उद्दिष्ट नाही, आणि समुपदेशकाची जागाही घोडा घेऊ शकत नाही.

मला खरी धास्ती आपल्या उत्सवप्रियतेची वाटते. चार मुलींना फेटे बांधून, नाचऱ्या घोड्यांवर बसवून, पाहुण्यांसमोर फिरवले की उपक्रम झाला, असे आपल्याकडे सहज घडू शकते. बालगृहातील मुलीची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. त्यामुळे फेसबुकवर छायाचित्रे टाकण्याचा मोह आवरावा लागेल.

घोडाही महागडा नको. वरातीच्या कामातून निवृत्त झालेली, लाथ न मारणारी, वयस्क घोडी उत्तम. सोबत महिला प्रशिक्षक, बंद बूट, हेल्मेट आणि धनुर्वाताची लस हवी, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकरची वेळ हवी. शहादा, शिरपूर, दोंडाईचा परिसरातील ज्या घोडेमालकांकडे अशी शांत घोडी असेल आणि ज्या वसतिगृहांच्या अधीक्षिकांना हा विचार पटत असेल, त्यांनी इथे लिहावे. सुरुवातीला एक घोडी आणि पाच-सहा मुली पुरेत. स्वारीचा विचार पुढे मुलींनी स्वतः मागणी केल्यावर करता येईल.