सिंथेसायझरचा दिवाळी अंक

मी सिंथेसायझरवर एक ऑनलाइन मासिक चालवतो. मराठीत. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आदर येतो, कारण मासिक म्हणजे काय ते त्याला माहीत असतं. मग तो विचारतो, "सिंथेसायझर म्हणजे आपलं कॅसिओ ना?"

आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं जे जे असेल ते कॅसिओ. पूर्वी मी समजावून सांगायचो, की सिंथेसायझर म्हणजे विजेतून हवा तसा आवाज घडवणारं वाद्य: त्यातला ऑसिलेटर मूळ सूर काढतो, फिल्टर तो छाटून घडवतो. हल्ली "हो" म्हणतो. त्यावर लगेच "आमच्या पिंकीसाठी एखादं स्वस्तातलं बघा ना" हे येतंच. एका पिंकीच्या वडिलांना मी कॅसिओचं 1981 सालचं व्हीएल-1 सुचवलं. त्यात कॅल्क्युलेटरही आहे, आणि स्वतःचा आवाज घडवायचा तर त्यावर आठ आकडी संख्या टाकावी लागते. वाजवायचा कंटाळा आला तर निदान पाढे तपासता येतील. त्या गृहस्थांनी पुढच्या लग्नात मला ओळख दाखवली नाही.

मासिक हौशी असल्यामुळे मानधन नाही, आणि मानधन नसल्यामुळे लेखकाला आवरता येत नाही. एका निवृत्त इंजिनिअर काकांकडे यामाहाच्या डीएक्स-7 या डिजिटल सिंथेसायझरवर आठशे शब्द मागितले होते. यंत्र 1983 चं, 6 ऑपरेटर, म्हणजे साइन वेव्ह ही साधी लहर काढणारे भाग, आणि ते एकमेकांना जोडायच्या 32 रचना, म्हणजे अल्गोरिदम. ज्या एफएम पद्धतीवर, म्हणजे एका लहरीनं दुसरीची कंपनं हलवून आवाज घडवण्यावर, ते चालतं ती स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधली. एवढं लिहिलं असतं तरी माझं काम भागलं असतं. काकांनी साइन वेव्ह म्हणजे काय इथून सुरुवात केली, तिच्यातच अख्खी वही भरवली आणि खाली लिहिलं, 'क्रमशः'. "काका, डीएक्स-7 कधी येणार?" असं विचारलं तर म्हणाले, "घाई करू नकोस रे, पाया कच्चा राहील."

वाचक तर घराणेदार. ॲनालॉग घराणं म्हणजे थेट विजेच्या सर्किटातून आवाज काढणाऱ्या यंत्रांचं; त्यातले लोक अशा सिंथेसायझरचे आद्य निर्माते बॉब मोग यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. आकडेमोडीतून आवाज काढणाऱ्या यंत्रांचे भक्त, म्हणजे डिजिटलवाले, त्यांना जुनाट म्हणतात. मोग यांच्या 1970 च्या मिनीमोग या सिंथेसायझरचे सुरुवातीचे ऑसिलेटर खोलीचं तापमान बदललं की सुरावरून सरकतात, म्हणून वाजवण्याआधी यंत्र चांगलं तापू द्यावं लागतं. या सरकण्यालाच ॲनालॉगवाले 'ऊब' म्हणतात. एखादा गवई असा सरकला तर हीच मंडळी मध्यंतराआधी चपला शोधतील.

मुंबईच्या चरणजित सिंग यांच्यावर लेख छापला तेव्हा वाटलं, आता दोन्ही घराणी खूश होतील. माणूस सिनेसंगीतातला वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-303, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि रेकॉर्ड काढली. त्यातलं 303 हे यंत्र मुळात बास गिटार वाजवणाऱ्याच्या जागी बसवायला काढलेलं. ते बास गिटारसारखं मुळीच वाजत नसे, त्यामुळे 1984 मध्ये त्याचं उत्पादन बंद पडलं. पुढे शिकागोच्या पोरांनी तीच सेकंडहँड यंत्रं पिळून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला. 2010 मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले जाणकार चक्रावले, की हे मुंबईत आधीच कसं झालं? आमच्या वाचकांना तसा काही प्रश्न पडला नाही. पहिलंच पत्र आलं: "तोडी हा सकाळचा राग आहे. डिस्को रात्री असतो. संपादकांनी खुलासा करावा."

परीक्षणांचं काम मी घरीच करतो, रात्री, सगळे झोपल्यावर. हेडफोन असतो, पण फिल्टरचं परीक्षण स्पीकरवर ऐकल्याशिवाय लिहू नये असं माझं मत आहे. रेझोनन्स, म्हणजे ठरावीक पट्टीतला आवाज फुगवणारी कळ, शेवटपर्यंत चढवली की काही फिल्टर आत सूर न सोडताही आपले आपण शिट्टी घालू लागतात. परवा शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारून सांगितलं, "अहो, तिसरी झाली, गॅस बंद करा."

बायकोला शिट्ट्यांचं काही नाही. तिचा आक्षेप जागेवर आहे. परीक्षणासाठी आलेलं यंत्र परत जातं, असा तिचा समज मी लग्नानंतर बरीच वर्षं टिकवून ठेवला होता. आता कपाटाच्या वरचं एक यंत्र दाखवून ती म्हणते, "अहो, याचं परीक्षण अजून चालूच आहे का? याच्यावर बसून मुलगा सीए झाला."

तरी हे सगळं बारा महिन्यांचं दुखणं. खरा ताप दिवाळी अंकाचा. दिवाळी अंक नाही तर ते मराठी मासिक कसलं, असं वाचकांनीच ठणकावलं. शिवाय त्यात कविता हव्यात. आल्याही, "तुझ्या आठवणींचा डिले" (डिले म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी) या ओळीच्या वेगवेगळ्या कवींकडून आलेल्या कविता मी अजून निवडतोय. जाहिराती मिळाल्या त्या एका पोळी-भाजी केंद्राच्या आणि एका मंगल कार्यालयाच्या. आणि राशिभविष्य? ते मी घेणारच नव्हतो. एवढ्या विज्ञाननिष्ठ विषयात ग्रहांचं काय काम! पण पानं कमी पडत होती, काकांचा दुसरा भाग कोसाइनवर अडला होता, आणि मेव्हण्याला पत्रिका बघता येतात.

त्याला यंत्रांतलं काही कळत नाही म्हणून थोडी माहिती मी पुरवली. मेषेला त्याने लिहिलं, 'जुन्या वस्तूंच्या अंतरंगाकडे लक्ष द्या.' नागपूरच्या एका मेषेच्या वाचकानं लगेच आपलं डीएक्स-7 उघडलं. आतली बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. ती मेली की साठवलेले सगळे आवाज पुसले जातात. त्यानं ते वेळेत उतरवून घेतले आणि मेव्हण्याला पेढे पाठवले. संपादकाला नाही. आता मेव्हणा दर महिन्याचं सदर मागतोय, आणि मासिकाच्या इतिहासात मानधनाची पहिली मागणीही त्याचीच आहे.

तक्रार एकच आली, वृश्चिकेची. 'मोठी खरेदी पुढे ढकला' असं त्याच्या राशीत छापलं होतं. ते त्यानं वाचायच्या आत त्याच्या बायकोनं वाचलं.